एकट्याने समुपदेशनाला जाताना: कुणाकडे जायचं, काय बोलायचं, कधी थांबायचं

कोल्हापुरात समुपदेशनासाठी फोन करणारे बहुतेक जण आधी दोनच गोष्टी विचारतात: किती सेशन लागतील आणि कुणाला कळणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, दोन्हींची उत्तरं पुढे येतील. पण समुपदेशक म्हणून मी ज्या पद्धतीने काम करते तिच्यात तिसरा एक प्रश्न सगळ्यात जास्त कामाला येतो, आणि तो फारसा कुणी विचारत नाही. समोर बसलेल्या समुपदेशकाविषयी मला जे वाटेल, ते मी त्यांच्या तोंडावर बोलू शकेन का?

या पद्धतीला रिलेशनल थेरपी म्हणतात. तिचं म्हणणं असं की माणसाचं मन नात्यांत घडतं आणि दुखावतंही नात्यांतच, म्हणून त्यावरचं कामही एका जिवंत नात्यातच करावं लागतं. ते नातं म्हणजे तुम्ही आणि तुमचा समुपदेशक. घरी तुम्ही सतत दुसऱ्यांची मर्जी सांभाळत असाल, तर काही आठवड्यांत माझीही सांभाळायला लागता. वडिलांसमोर गप्प बसायची सवय असेल, तर माझ्या आवाजात जराशी धार आली की तुम्ही गप्प होता. तालमीतला वस्ताद पठ्ठ्याची कुस्ती कुणाच्या तोंडून ऐकून सुधारत नाही. तो मातीत उतरतो, अंगाला अंग लावतो, मग पकड कुठे सुटते ते दोघांनाही एकदमच कळतं. आमचं काम त्या जातीचं आहे.

ही कल्पना एकाएकी आली नाही. रुग्ण आपल्या जुन्या नात्यांतल्या भावना डॉक्टरवर आणून ठेवतो, हे मनोविश्लेषणाची सुरुवात करणाऱ्या फ्रॉइडच्या काळापासून माहीत होतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी लहानपणी सांभाळणाऱ्या माणसाशी जुळलेल्या बंधाचा अभ्यास केला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलं की समुपदेशकाचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं यांमुळे माणूस बदलतो. मग १९८३ मध्ये अमेरिकेत जे ग्रीनबर्ग आणि स्टीफन मिचेल यांनी मनोविश्लेषणातले वेगवेगळे प्रवाह नात्याच्या अंगाने तपासले, आणि तिथून या पद्धतीला आजचा आकार येत गेला. येणाऱ्याला हा इतिहास पाठ असायची काहीच गरज नाही. एवढंच ध्यानात ठेवा की इथे समुपदेशक भिंतीसारखा कोरा बसत नाही. तोही या नात्यात असतो, चुकतो आणि आपला वाटा कबूल करतो.

आधी ठरवा, कुणाकडे जायचं

आपल्याकडे सगळ्यांना सरसकट 'मानसोपचारवाले' म्हणतात, आणि त्या गोंधळात माणूस चुकीच्या दारात जातो. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयाचं पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, गोळ्या तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे गोळ्या न देता चाचण्या आणि थेरपी करणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. समुपदेशक मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए, एमएससी, एमएसडब्ल्यू अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात. आरोग्यसेवेतल्या पूरक व्यवसायांसाठी झालेल्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात समुपदेशकांचाही समावेश झाला आहे, तरी नुसती पाटी बघून भरवसा ठेवू नका. शिक्षण कुठे झालं, थेरपीचं प्रत्यक्ष प्रशिक्षण कुणाकडे घेतलं, आणि आजही एखाद्या अनुभवी व्यक्तीकडे सुपरव्हिजन घेता का, म्हणजे आपलं काम तिला दाखवून सल्ला घेता का, हे तीन प्रश्न विचाराच. यातला तिसरा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नात्यातून काम करणारा समुपदेशक स्वतःच्या भावनांत सहज अडकू शकतो. आपल्या कामाकडे कुणी तरी बाहेरून बघत असावं याची ज्याला गरज वाटत नाही, त्याच्याकडे मी तरी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

काही त्रासांत समुपदेशन आधी नको. कानात आवाज येतात, चार-पाच रात्री झोपच नाही आणि तरी अंगात विलक्षण जोर आहे, खाणंपिणं सुटलंय, दारू बंद करताच हात थरथरतात, अशा वेळी थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खासगी डॉक्टरही शहरात आहेत. जीव द्यायचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या भीतीने अजूनही घरचे लोक दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायला सांगितलं आहे आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. दवाखान्यात न्या.

आणखी एक. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं किंवा ठरावीक गोष्टीची प्रचंड भीती असेल, तर सरावावर भर देणाऱ्या वर्तनोपचारांनी लवकर फरक पडतो. माझी पद्धत मला प्रिय आहे, पण सगळ्यांना तीच द्यावी असं मी म्हणणार नाही. नातीच पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन मोडत असतील, सगळं ठीक असून आतून रिकामं वाटत असेल, कुणाला नाही म्हणता येत नसेल, जवळ गेलं की पळावंसं वाटत असेल, तर मात्र ही वाट तुमच्यासाठी आहे.

पहिला फोन

फोनवर सगळी कहाणी सांगू नका. पाच-सात वाक्यं पुरे: वय, साधारण काय होतंय, गोळ्या चालू आहेत का, कोणत्या वेळी येता येईल. मग तुम्ही विचारा. फी किती, सेशन किती मिनिटांचं (सहसा ४५ ते ५० मिनिटं), आठवड्यातून किती वेळा, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे द्यावे लागतात का, परवडत नसेल तर काही सवलत आहे का. पैशाचं विचारायला लाजू नका. पुढे महिनोन्‌महिने ज्याच्याशी मनातलं बोलायचंय, त्याच्याशी फीविषयी बोलता आलं नाही तर अवघड होईल.

वेळ ठरवताना आपल्या कामाचा खरा विचार करा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळ्या बदलत असतील, तर तसं आधीच सांगा. ऊसतोडीच्या हंगामात शेतकरी कुटुंबातल्या माणसाला दर बुधवारी अकरा वाजता शहरात पोचणं जमत नाही. चंदगड, आजऱ्याकडून एसटीने यायचं तर सगळा दिवस जातो, अशांनी एक आड एक प्रत्यक्ष आणि ऑनलाइन असं ठरवावं. ऑनलाइनला एकच अट आहे, दार बंद होणारी जागा हवी. पेठेतल्या भरलेल्या घरात ती मिळत नसेल तर गाडीत बसून बोला, मैत्रिणीची खोली मागा. स्वयंपाकघरात इअरफोन लावून आणि सासूबाई शेजारच्या खोलीत असताना नात्यावरचं काम होत नाही.

ओळख आहे का, तेही याच फोनवर बघून घ्या. कोल्हापूर मोठं असलं तरी माणसं एकमेकांच्या दोन घरांपलीकडे नसतात. समुपदेशक तुमच्या वहिनींची वर्गमैत्रीण निघाली, किंवा तुमच्या मालकांची नातेवाईक, तर सांगा. जवळची ओळख असेल तर त्या स्वतःच दुसऱ्या कुणाचं नाव सुचवतील, आणि ते तुम्हाला नाकारणं नव्हे.

पहिली भेट

जिन्यावर कुणी बघेल याची धास्ती बहुतेकांना असते. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत क्लिनिक असेल तर खाली चहाची गाडी, शेजारी दुकान, कुणी ना कुणी ओळखीचं भेटायचंच. दोन अपॉइंटमेंटमध्ये मोकळा वेळ ठेवणारे समुपदेशक असतात, विचारून घ्या. आणि रस्त्यात नंतर गाठ पडली तर काय करायचं तेही पहिल्याच दिवशी ठरवा. महाद्वार रोडला समोरासमोर आलो तर मी आपण होऊन ओळख दाखवत नाही. तुम्ही हसलात तर मी हसते, तुम्ही मान फिरवलीत तर मीही पुढे जाते. हे आधी बोललेलं नसेल तर माणूस घरी जाऊन झुरत बसतो, 'मॅडमनी ओळखच दिली नाही'.

गुप्ततेची चौकट पहिल्या भेटीत स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि अपवादही सांगितले आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने मागणी केली, तर काही माहिती द्यावी लागू शकते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. या मर्यादांबाहेर तुमच्या आईने, नवऱ्याने, फी भरणाऱ्या भावाने फोन केला तरी काही सांगितलं जात नाही. फी भरली म्हणून ऐकण्याचा हक्क येत नाही. घरच्यांना हे पटत नाही, त्यामुळे त्यांचा फोन आला तर काय उत्तर द्यायचं ते समुपदेशकाबरोबर बसून आधीच ठरवा.

मग बोलायला लागा, आणि आपल्या भाषेत बोला. हे मी कळकळीने सांगते. समोर शिकलेल्या मॅडम आहेत म्हणून माणसं एकदम पुस्तकी मराठीवर येतात. "मला थोडा मानसिक तणाव जाणवतो आहे," असं म्हणतात आणि तिथेच थांबतात. तोच माणूस "डोस्कं नुसतं भनभनतंय बघा, घरात पाय ठेवू वाटंना," असं म्हणाला की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण तो आता खरं बोलतोय. शिवी आली तर येऊ द्या. कानडी किंवा हिंदी शब्द आले तर तेही चालतील. समुपदेशकाला कळलं नाही तर ते विचारतील.

पहिल्या भेटीत सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही. "एक गोष्ट आहे, पण आज सांगणार नाही," एवढं म्हणालात तरी कामाला सुरुवात झाली. सेशन संपल्यावर लगेच गाडीला किक मारून घरच्या गर्दीत जाऊ नका. रंकाळ्यावर अर्धा तास चाला, नाहीतर कुठेतरी शांत चहा घ्या.

नंतरचे आठवडे: मुख्य काम इथे आहे

पहिले तीन-चार आठवडे माणूस बाहेरच्या गोष्टी सांगतो. दीर, साहेब, वाटणीचा दावा, न झालेलं लग्न. ते सगळं सांगायलाच हवं. पण नात्यातून काम करणारा समुपदेशक मधूनच अनपेक्षित प्रश्न विचारतो: "हे मला सांगताना आत्ता कसं वाटतंय?" किंवा "मी आत्ता जे बोलले त्यावर तुम्ही हसलात, पण लागलं का काही?" पहिल्यांदा हे चमत्कारिक वाटतं. आपण दिराबद्दल बोलतोय, यात मॅडमचा काय संबंध? संबंध असा की दिराशी तुम्ही काय करता ते मला फक्त ऐकता येतं, माझ्याशी काय करता ते आपल्या दोघांनाही बघता येतं, आणि तिथेच बदलून बघता येतं.

समजा, एक तरुण दर वेळी दहा मिनिटं उशिरा येतो आणि दर वेळी माफी मागतो. फाउंड्रीतलं काम, वाटेतली गर्दी, सगळं खरं आहे. एक दिवस समुपदेशक विचारते, "उशीर झाल्यावर मी काय म्हणेन असं वाटतं जिन्यात?" तो म्हणतो, "आता ह्या बोलणार. मग वाटतं परत फिरावं." घरी उशिरा आलं की वडील काय करायचे ते मग आपोआप येतं. समुपदेशक रागावली नाही एवढ्याने काम होत नाही. "मागच्या वेळी मला जरा चिडल्यासारखं झालं होतं, ते तुम्हाला जाणवलं का?" असं ती प्रामाणिकपणे म्हणते आणि तरीही तिथेच बसून राहते, तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसतं की समोरचा चिडला म्हणजे नातं तुटलंच असं नसतं.

म्हणून तुमच्या वाट्याचं काम एकच आहे, पण ते अवघड आहे. समुपदेशकाविषयी जे मनात येईल आणि गिळून टाकावंसं वाटेल, ते बोला. आज तुमचं लक्ष नव्हतं असं वाटलं. तुम्ही माझ्या बायकोची बाजू घेतलीत. फी जास्त वाटते. तुमच्याशिवाय कुणाशीच बोलता येत नाही, आणि त्याची भीती वाटते. तुमचं आडनाव कळल्यापासून मी जपून बोलतोय. यातलं शेवटचं वाक्य कोल्हापुरात फार लोकांच्या मनात असतं आणि फार थोड्यांच्या ओठांवर येतं. जात, पैसा, शिक्षण, बाई-पुरुष हे खोलीच्या दाराबाहेर राहत नाही. समुपदेशकाने ते स्वतःहून काढावं हे उत्तम, नाही काढलं तर तुम्ही काढा.

इथे मान ठेवण्याची आपली सवय आडवी येते. मोठ्या माणसाला, शिकलेल्या माणसाला उलट बोलायचं नसतं असं आपण शिकलोय. त्यामुळे राग आला तरी "सगळं छान चाललंय मॅडम" असं म्हणून माणूस पुढच्या आठवड्यापासून येणंच बंद करतो. जेरेमी साफ्रान आणि क्रिस्टोफर म्युरन यांनी थेरपीत नातं ताणलं जाण्याच्या क्षणांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. त्यांनी असे ताण दोन तऱ्हांचे सांगितले: एकात माणूस आत मिटतो, दुसऱ्यात उघड भिडतो. आपल्याकडे पहिली तऱ्हा फार, आणि ती ओळखायलाही कठीण, कारण ती सभ्य दिसते. हे ताण दोघांनी मिळून उलगडले तर उपचार पुढे जातो, हे त्यांच्या कामातून दिसलं. एड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आई आणि तान्ह्या बाळाचा जो अभ्यास सुरू केला, त्याचंही सांगणं याला जुळतं. चांगल्या जोडीतही आई आणि बाळाचा सूर बराच वेळ चुकतो, आणि तो पुन्हा पुन्हा जुळवून घेण्यातूनच बाळाचा विश्वास वाढतो.

बोलायला तोंड उघडत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा. सेशनच्या शेवटच्या दोन मिनिटांत दाराशी उभं राहून महत्त्वाचं सांगायची सवय पुष्कळांना असते, तसं झालं तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. रात्री बारा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज पाठवावासा वाटला तर पाठवायचा की नाही, हे समुपदेशकाशी ठरलेल्या नियमाप्रमाणे करा, पण तो पाठवावासा वाटला ही गोष्ट सेशनमध्ये आणा. दिवाळीत फराळाचा डबा आणलात तर तो घेतला जाईल किंवा नाही घेतला जाणार, पण त्याविषयी बोलणं होईल. वाईट वाटून घेऊ नका. देणं, घेणं आणि नाकारलं जाणं हेच तर कामाचे विषय आहेत.

चाललंय की नाही, कसं ओळखायचं

सहा-आठ सेशननंतर मुद्दाम थांबून आढावा मागा. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली उपचारातल्या सहकार्याचे तीन भाग सांगितले, ते इथे फार उपयोगी पडतात. आपण कुठे जायचं यावर दोघांचं एकमत आहे का? तिथे जाण्यासाठी जे करतोय ते तुम्हाला पटतंय का? आणि या माणसावर तुमचा विश्वास बसतोय का? पहिली दोन उत्तरं डळमळीत असतील तर बोलून दुरुस्त होतात. तिसरं उत्तर महिना-दोन महिने बोलूनही 'नाही' असंच राहिलं, तर दुसरा समुपदेशक शोधा.

मध्येच जास्त वाईट वाटण्याचे दिवस येतात. दाबलेलं वर आलं की तसं होतं. पण झोप, जेवण, काम सलग ढासळत असेल तर ते सेशनच्या दिवसापर्यंत ठेवू नका, फोन करा. गरज पडली तर गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही बरोबर चालतात.

काही गोष्टींना मात्र आढावा-चर्चा काही नाही, सरळ उठून निघा. समुपदेशकाने शारीरिक जवळीक साधली, तुमच्याकडून उसने पैसे किंवा धंद्यातली मदत मागितली, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावानिशी सांगितल्या, घटस्फोट घ्या किंवा घेऊ नका असा निकाल दिला, जातीवरून किंवा लैंगिक कलावरून तुम्हाला दुरुस्त करायला निघाले. 'नात्यातून उपचार' या नावाखाली असं काही चालवून घेतलं जात असेल तर तो उपचारच नाही. या पद्धतीत समुपदेशक मोकळा असतो म्हणूनच त्याच्या मर्यादा जास्त कडक असायला हव्यात.

थांबताना

किती सेशन लागतील, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. एखादा ठरावीक पेच असेल तर दोन-तीन महिन्यांत पुरेसा उजेड पडू शकतो. आयुष्यभराची घडण असेल तर वर्ष, कधी त्याहून जास्त. मधल्या आढाव्यांत ते कळत जातं.

थांबायचं ठरलं की मेसेज टाकून गायब होऊ नका. निदान तीन-चार आठवडे आधी सांगा. नीट निरोप घेऊन संपलेलं नातं पुष्कळांनी कधी पाहिलेलंच नसतं. कुणी भांडून गेलेलं असतं, कुणी न सांगता, कुणी अचानक वारलेलं असतं. म्हणून शेवटच्या भेटींत काय मिळालं, काय राहिलं, समुपदेशकाचा कुठे राग आला, कुठे आधार वाटला हे सगळं बोलायचं. रडू येतं, कधी समुपदेशकालाही येतं. पैसे संपले म्हणून थांबत असाल तर ते कारण लपवू नका, महिन्यातून एकदा भेटण्याची किंवा फी कमी करण्याची सोय निघू शकते. लेखी नोंदी किती वर्षं ठेवल्या जातात, त्यांची प्रत हवी असेल तर कशी मिळेल, आणि सहा महिन्यांनी पुन्हा यावंसं वाटलं तर नव्याने नंबर लावावा लागेल का, हे शेवटच्या सेशनला विचारून घ्या.